चार-पाच एअर क्वालिटी मॉडेल्स एकत्र वापरताय? मग सरासरी सगळ्यात शेवटी काढा

एन्सेम्बल करायचं, म्हणजे अनेक मॉडेल्सचे निकाल एकत्र करून एक उत्तर काढायचं म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी मॉडेल्सच्या आउटपुटच्या सगळ्या नेटसीडीएफ फायली एका फोल्डरमध्ये टाकतात, सरासरी काढतात, हवा मोजणाऱ्या स्टेशनच्या आकड्यांशी कोरिलेशन (दोन्ही आकडे किती एकत्र वर-खाली होतात ते) बघतात, ते एकेकट्या मॉडेलपेक्षा बरं आलेलं असतं आणि काम झालं असं समजतात. कोरिलेशन बरं येणारच, कारण सरासरीने सगळ्यांच्या वेड्यावाकड्या चुका थोड्या पुसल्या जातात, पण त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो का हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नसतो. हे काम माझ्याकडे तपासायला येतं तेव्हा दहातल्या आठ वेळा गडबड सरासरीत नसते, तिच्या आधीच्या तीन-चार पायऱ्यांत असते, म्हणून खालचा क्रम पाळा आणि पायरी वगळू नका.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

कुठलं प्रदूषक, कुठला काळ, कुठला मेट्रिक, आणि उत्तर कशासाठी हवंय, हे कागदावर आलं पाहिजे. पीएम २.५ ची (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची) वार्षिक सरासरी हवी असेल तर एक पद्धत, ओझोनची ८ तासांची सरासरी मर्यादेवर किती दिवस गेली हे हवं असेल तर दुसरी, आणि एमिशन (हवेत सोडलं जाणारं प्रदूषण) कमी केल्यावर काय होईल हे हवं असेल तर तिसरीच. तिन्हीसाठी एकच एकत्र फाइल वापरता येत नाही. का ते पुढे येईल.

## २. मेंबर निवडा, आणि त्यांची वंशावळ काढा

मेंबर म्हणजे एन्सेम्बलमधलं एकेक मॉडेल. एक तक्ता करा. प्रत्येक मॉडेलची एक ओळ, आणि कॉलम असे: हवामान कुठून घेतलं, एमिशन इन्व्हेंटरी (कुठून किती प्रदूषण सुटतं त्याची यादी) कुठली, सीमेवरचे आकडे कुठल्या ग्लोबल मॉडेलचे, गॅस केमिस्ट्री कुठली, एरोसोल स्कीम (हवेतल्या कणांचा हिशेब) कुठली, धूळ, झाडांतून येणारे वायू आणि आगी कुठून, ग्रिड किती (म्हणजे मॉडेलचा एक चौकोन किती मोठा), व्हर्जन किती. तासाभराचं काम आहे, तरी कंटाळा करतात.

तक्ता भरला की डोळ्यांनीच दिसतं की सीमॅक आणि कॅमएक्स ही नावाला दोन मॉडेल्स आहेत पण दोघांना डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलच्या एकाच रनचं हवामान दिलंय, एमिशनही तेच, सीमाही त्याच. मग रात्री मिक्सिंग लेयर (जमिनीलगतचा, हवा ढवळली जाते तो थर) त्या हवामानात चुकून फारच उथळ आली तर दोन्ही मॉडेल्स एकाच वेळी, एकाच दिशेने जमिनीलगतचं प्रदूषण फुगवून दाखवणार. एकाच माळेचे मणी. नावं वेगळी म्हणून मत वेगळं असेलच असं नाही.

इथे एक निर्णय मुद्दाम घ्यायचा: सगळ्यांना एमिशन सारखंच द्यायचं की वेगवेगळं. एक्यूएमईआयआयसारख्या (युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मॉडेल्सची संयुक्त तपासणी) मोठ्या तुलनांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत एमिशन आणि सीमा मुद्दाम सारख्या दिल्या होत्या, कारण त्यांना मॉडेल्सची आपापसातली तुलना करायची होती. तुलनेसाठी ते बरोबरच आहे, पण अशा एन्सेम्बलच्या फैलावात (मेंबरच्या आकड्यांतल्या आपापसातल्या फरकात) एमिशनची अनिश्चितता येतच नाही, आणि तुम्ही तो फैलाव एकूण अनिश्चितता म्हणून छापला तर ते चूक आहे.

थांबा: यातल्या एखाद्या मॉडेलमध्ये स्टेशनचा डेटा असिमिलेट केलेला (मॉडेल चालतानाच आत मिसळलेला) आहे का ते आत्ताच विचारून घ्या. असेल तर त्याच स्टेशनांवर पुढे तपासणी करता येणार नाही, पेपर आधी बघून परीक्षा दिल्यासारखं होतं.

## ३. रन्स लावा

इथे फार बोलण्यासारखं नाही. सगळ्यांचा काळ सारखा, आणि स्पिन-अपचे (मॉडेल स्थिरावेपर्यंतचे सुरुवातीचे) दिवस सगळ्यांचेच टाकून द्यायचे. प्रादेशिक मॉडेलला साधारण एक ते दोन आठवडे पुरतात, ग्लोबलला काही महिने, कधी वर्षही लागतं. एखादं मॉडेल मध्येच ३ दिवस बंद पडलं तर ते ३ दिवस सगळ्यांचेच बाजूला काढा, किंवा निदान किती मेंबर हजर होते तो आकडा प्रत्येक तासासोबत साठवा. नाहीतर सगळ्यात जास्त आकडे देणारा मेंबर त्या दिवसांत गायब, म्हणून सरासरी खाली येते आणि आपण हवा सुधारली म्हणून कारणं शोधत बसतो.

## ४. सगळ्यांचे आकडे एका भाषेत आणा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. माझा अनुभव असा की एन्सेम्बलच्या कामातला निम्मा वेळ इथे गेला नसेल तर काहीतरी राहिलंय.

युनिट. डब्ल्यूआरएफ-केम (डब्ल्यूआरएफचंच रसायनं धरणारं रूप) आणि सीमॅक वायू पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) देतात, युरोपातली बरीच मॉडेल्स मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. बदलताना तापमान लागतं: २० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला १ पीपीबी (अब्जात एक भाग) ओझोन म्हणजे सुमारे २.०० मायक्रोग्रॅम, २५ अंशाला १.९६. नायट्रोजन डायऑक्साइडला तेच १.९१ आणि १.८८. युरोपच्या नियमात वायूंसाठी २० अंश धरतात, अमेरिकेच्या नियमात २५. फरक २ टक्क्यांचा आहे म्हणून सोडून द्यावासा वाटतो, पण एकाने खऱ्या तापमान-दाबाने बदललंय आणि दुसऱ्याने ठरावीक गुणक लावलाय असं झालं तर डोंगरावरच्या स्टेशनला हा फरक खूप मोठा होतो. वायू सगळे पीपीबीत आणा, सोपं पडतं.

पीएम २.५ म्हणजे नक्की काय. इथे तर मॉडेल्स एकमेकांशी बोलतच नाहीत. डब्ल्यूआरएफ-केमचं जे तयार व्हेरिएबल असतं ते कोरड्या कणांचं, दुसऱ्या कुणी कणांतलं पाणीही धरलेलं असतं, तिसऱ्याने समुद्री मीठ वगळलेलं असतं, चौथ्याने फक्त ऑरगॅनिक कार्बन दिलेला असतो आणि त्याला १.४ ते २.१ च्या मधल्या कुठल्यातरी गुणकाने गुणून ऑरगॅनिक पदार्थाचं वजन काढायचं हे तुमच्यावर सोडलेलं असतं. त्यात स्टेशनच्या फिल्टरचं वजन युरोपच्या पद्धतीत ४५ ते ५० टक्के आर्द्रतेला करतात आणि अमेरिकेच्या पद्धतीत ३० ते ४० टक्क्यांना, म्हणजे तिथेही थोडं पाणी उरतंच. मी काय करतो, तर तयार व्हेरिएबल बाजूला ठेवून प्रत्येक मॉडेलचे घटक वेगवेगळे घेतो, म्हणजे सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, ऑरगॅनिक, काळा कार्बन, धूळ, मीठ, आणि सगळ्यांची बेरीज एकाच व्याख्येने स्वतः करतो. घटक मिळत नसतील तर तो मेंबर पीएमसाठी घ्यायचाच नाही, ओझोनसाठी खुशाल घ्या.

वेळ. एका कामात आमचं एक मॉडेल नायट्रोजन डायऑक्साइडसाठी फारच वाईट निघालं, आम्ही त्याला जवळजवळ काढूनच टाकलं होतं, मग एका संध्याकाळी सहज दिवसभराचा सरासरी आलेख काढून बघितला तर सकाळच्या ट्रॅफिकचा उंचवटा अगदी नीट, हुबेहूब, फक्त बरोबर एक तास उशिरा. त्या मॉडेलमध्ये ९ चा शिक्का म्हणजे ८ ते ९ ची सरासरी होती आणि आम्ही ती ९ ते १० धरलेली. मॉडेल निर्दोष, आम्हीच गाढव. म्हणून प्रत्येकासाठी तीन गोष्टी लिहून ठेवा: वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की स्थानिक, शिक्का तासाच्या सुरुवातीचा आहे की शेवटाचा, आणि आकडा तासाची सरासरी आहे की त्या क्षणाचा. स्थानिक वेळ यूटीसीपासून अर्ध्या तासाने सरकलेली असेल तर आणखी त्रास, कारण तासाचे आकडे जुळतच नाहीत, अशा वेळी सलग दोन तासांची सरासरी घ्या आणि तसं लिहून टाका.

उंची. मॉडेलचा सगळ्यात खालचा थर कुणाचा २० मीटर, कुणाचा ९० मीटरही असतो. स्टेशन मोजतं जमिनीपासून थोड्याच मीटरवर. दुपारी हवा ढवळलेली असते, तेव्हा चालून जातं, पण शांत रात्री जमिनीलगत ओझोन जवळजवळ संपलेला असतो आणि ९० मीटरच्या थराच्या सरासरीत तो चांगला शिल्लक दिसतो. रात्रीचा ओझोन सगळ्याच मॉडेल्समध्ये जास्त दिसला तर आधी इथे बघा.

चेक: प्रत्येक मॉडेलचा, प्रत्येक प्रदूषकाचा, २४ तासांचा सरासरी आलेख एकाच चित्रात काढा. एखादी रेघ आडवी सरकलेली असेल तर वेळेची चूक. सगळीकडे ठरावीक पटीने वर-खाली असेल तर युनिट किंवा व्याख्येची चूक. या चित्रात गडबड दिसत असताना पुढे जाऊ नका.

## ५. एका ग्रिडवर आणा

नियम साधा: सगळ्यात जाड ग्रिड ज्याचं, त्याच्यावर बाकीचे आणा. उलट केलं, म्हणजे ५० किलोमीटरचं मॉडेल १० किलोमीटरवर आणलं, तर चित्र देखणं होतं पण माहिती काडीची वाढत नाही. बारीकवरून जाडवर जाताना कॉन्झर्वेटिव्ह (एकूण प्रमाण राखणारी) पद्धत वापरा, सीडीओ या प्रोग्रॅममध्ये remapcon नावाची आज्ञा असते तीच. बायलिनिअर तिथे चालत नाही, कारण ते फक्त आजूबाजूचे चार बिंदू बघतं आणि मधल्या शहराचा उंचवटा गाळून टाकू शकतं.

शहराच्या आतलाच प्रश्न असेल तर जाड मॉडेलला सरळ बाहेर ठेवा.

## ६. स्टेशनांची छाननी

१० किलोमीटरच्या चौकोनाची तुलना चौकातल्या सिग्नलशेजारच्या स्टेशनशी करायची नसते. स्टेशनांचे गट करा, ग्रामीण, शहरी पार्श्वभूमी, रस्त्याकाठचं, औद्योगिक, आणि तुमच्या ग्रिडला जे गट झेपतात तेवढेच ठेवा. दिवसाच्या निदान ७५ टक्के तासांचा डेटा नसेल तर तो दिवस सोडा. आणि एक लक्षात असू द्या, नायट्रोजन डायऑक्साइडची बरीच मशीन मॉलिब्डेनम कन्व्हर्टरवर चालतात, ती नायट्रिक आम्ल आणि पॅन (पेरॉक्सिअ‍ॅसिटिल नायट्रेट) यांसारखे पदार्थही थोडेफार त्यातच मोजतात, म्हणून गावाबाहेर दुपारी मॉडेल कमी दाखवतंय म्हणून लगेच मॉडेलला बोल लावू नका.

आत्ताच स्टेशनांचे दोन भाग पाडा, एक वजनं (कुठल्या मॉडेलला किती महत्त्व) ठरवायला आणि एक शेवटच्या परीक्षेसाठी. निकाल बघितल्यावर भाग पाडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

## ७. एकेकाला वेगळं तपासा

बायस (सरासरी किती जास्त-कमी), आरएमएसई (चुकीचा सर्वसाधारण आकार), कोरिलेशन हे काढालच. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने आलंय का ते. एखाद्या मॉडेलचा पीएम २.५ स्टेशनशी तंतोतंत जुळतो आणि घटक उघडून बघितले तर सल्फेट निम्मं आणि धूळ दुप्पट, दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. असं मॉडेल वार्षिक सरासरीत कदाचित खपून जाईल पण एमिशन कमी करायच्या प्रश्नात तोंडावर पाडेल. म्हणून घटकवार बघा, ऋतूवार बघा, दिवस-रात्र वेगळं बघा.

अगदीच बिघडलेला मेंबर काढायचा का? काढा, पण काढायचा निकष आधी लिहिलेला असला पाहिजे, आणि बायस एकट्यावरून काढू नका. सतत २० टक्के जास्त दाखवणारं पण चढउतार अचूक पकडणारं मॉडेल हे बायस दुरुस्त केल्यावर तुमचा सगळ्यात कामाचा मेंबर ठरू शकतं.

## ८. खरे मेंबर किती ते मोजा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. प्रत्येक मॉडेलची चूक काढा, म्हणजे मॉडेल वजा स्टेशन, तिच्यातून सरासरी बायस वजा करा, आणि मग मॉडेल्सच्या चुकांचं आपापसातलं कोरिलेशन बघा. आउटपुटचं कोरिलेशन नाही, चुकांचं. आउटपुट तर सगळ्यांचेच दुपारी वर आणि रात्री खाली जातात, ते जुळणारच.

मग हा हिशेब: मेंबरची संख्या भागिले, १ अधिक (संख्या वजा १) गुणिले सरासरी कोरिलेशन. चुकांचा आकार साधारण सारखा असेल तर हा हिशेब चालतो. १० मॉडेल्स आहेत आणि चुकांचं कोरिलेशन ०.६ आहे, तर १० भागिले ६.४, म्हणजे सुमारे १.६. दहा जणांची सभा भरवली आणि मतं दीड. आणि ०.६ लाच शंभर मॉडेल्स आणली तरी आकडा १.७ च्या वर जात नाही. उलट ४ मॉडेल्स आणि कोरिलेशन ०.२ असेल तर ४ भागिले १.६, म्हणजे २.५. म्हणून डब्ल्यूआरएफचं आणखी एक भावंड जोडण्यापेक्षा वेगळ्या हवामानावर चालणारं एखादं जरा कमी अचूक मॉडेल जोडलेलं बऱ्याचदा जास्त कामाला येतं.

(स्टेशनची स्वतःची मोजमापाची चूक सगळ्यांच्याच चुकांत शिरते, त्यामुळे कोरिलेशन थोडं फुगलेलं दिसतं. तरी मॉडेल्सची जोडीजोडीने तुलना करायला पुरतं.)

चेक: दुसऱ्या पायरीचा तक्ता आणि हे कोरिलेशन शेजारी ठेवा. एकाच हवामानावरची मॉडेल्स एका गठ्ठ्यात दिसली तर त्या गठ्ठ्याला मिळून एकच मत द्यायचं का ते ठरवा.

## ९. आता एकत्र करा

पहिला प्रयत्न कायम साध्या मीडियनचा (आकडे क्रमाने लावल्यावर जो मधला येतो त्याचा) करा. एखादा मेंबर एखाद्या दिवशी भरकटला तरी मीडियन ढळत नाही, म्हणून कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या कॅम्स सेवेचं युरोपचं प्रादेशिक एन्सेम्बलही मीडियनच घेतं. पण मीडियनला एक खोड आहे, ती बेरीज पाळत नाही. बघा, तीन मॉडेल्सचं सल्फेट ४, ६, ९ आणि ऑरगॅनिक १०, ३, ५. दोन्हींची बेरीज १४, ९, १४, तिचं मीडियन १४. पण घटकांची मीडियन ६ आणि ५, बेरीज ११. तीन मायक्रोग्रॅम हवेत विरले. घटकांचा थरांचा आलेख दाखवायचा असेल तर सरासरी वापरा.

दुसरी खोड सरासरी-मीडियन दोघांचीही: शिखरं चेपतात. तीन मॉडेल्सनी ८० पीपीबीचं शिखर दाखवलं, पण एकाने १ वाजता, एकाने ३ ला, एकाने ५ ला. ३ वाजता त्यांचे आकडे ६८, ८०, ६६ असतील तर सरासरी ७१, म्हणजे ८० म्हणणारे तिघे आणि एन्सेम्बलचा आकडा ७१. म्हणून मर्यादा ओलांडण्याचा प्रश्न असेल तर आधी प्रत्येक मॉडेलचा रोजचा ८ तासांचा कमाल आकडा काढा, मर्यादेशी तुलना करा, आणि किती मॉडेल्स हो म्हणतायत ते मोजा. तासाच्या फायली आधी एकत्र करून मग कमाल काढली तर मर्यादा ओलांडलेले दिवस गळतात. दोन्ही क्रमांनी करून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल.

वजनं द्यायची हौस असेल तर वजनं शून्याच्या खाली जाऊ देऊ नका, बेरीज १ ठेवा, आणि तपासणीला तास यादृच्छिक उचलू नका, कारण शेजारचा तास जवळजवळ तोच आकडा असतो आणि परीक्षा फुकट पास होते. सलग आठवडे बाजूला ठेवा, स्टेशनंही बाजूला ठेवा. हिवाळ्यावर ठरवलेली वजनं उन्हाळ्यात लावून बघा. एवढं करूनही साध्या सरासरीला हरवता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, ही गोष्ट भाकितं एकत्र करणाऱ्या सगळ्याच क्षेत्रांत दिसते, साधी सरासरी ठेवा आणि पुढे चला.

## १०. फैलाव खरा आहे का

बायस काढून टाकल्यावर रँक हिस्टोग्राम काढा, म्हणजे मेंबरचे आकडे चढत्या क्रमाने लावले तर मोजमाप कितव्या जागी बसतं त्याचा आलेख: ५ मेंबर असतील तर खऱ्या मोजमापाला बसायला ६ जागा, प्रत्येकीत साधारण १७ टक्के यायला हवेत. दोन्ही टोकांना ढीग लागला तर मॉडेल्स एकमेकांशी फार सहमत आहेत आणि सत्य त्यांच्या बाहेर पडतंय. मात्र त्याआधी मेंबरच्या आकड्यांत मोजमापाच्या चुकीएवढा गोंधळ मिसळा, नाहीतर चांगल्या एन्सेम्बललाही टोकं उंच दिसतात.

इशारा: हे न करता नकाशावर फैलाव कमी तिथे विश्वास जास्त असं लिहू नका. फैलाव कमी असतो कारण सगळ्यांनी एकच एमिशन वापरलं, असं कितीदा तरी होतं.

## ११. एमिशन बदलायचा प्रश्न असेल तर

इथे एकत्र केलेले दोन नकाशे एकमेकांतून वजा करायचे नाहीत. प्रत्येक मॉडेलचा आधी आणि नंतरचा फरक त्याच मॉडेलमध्ये काढा, मग फरक एकत्र करा, आणि सरासरी फरकासोबत किती मेंबर कुठल्या दिशेला गेले ते छापा. दोन मॉडेल्स आज एकाच जागी ६० पीपीबी ओझोन दाखवतात, नायट्रोजन ऑक्साइड कमी केले की एकात ओझोन ३ ने उतरतो, दुसऱ्यात ३ ने चढतो, कारण एकाच्या मते तिथे नायट्रोजन ऑक्साइड कमी पडतायत आणि दुसऱ्याच्या मते ते आधीच इतके जास्त आहेत की ओझोन खाऊन टाकतायत. सरासरी फरक शून्य. हा शून्य म्हणजे काही परिणाम होणार नाही असा कुणी वाचला तर संपलंच. अशा जागी आकडा छापू नका, नकाशावर तो भाग रेघा मारून वेगळा दाखवा आणि त्या दोन मॉडेल्समधलं फॉर्मल्डिहाइड आणि नायट्रोजन डायऑक्साइडचं गुणोत्तर उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून बघा, कोण जास्त बरोबर आहे याचा अंदाज बऱ्याचदा तिथे लागतो.

मध्येच कुणी मॉडेलचं व्हर्जन बदललं तर चौथ्या पायरीपासून पुन्हा. हो, सगळं. एका अपडेटमध्ये व्हेरिएबलचं नाव तेच राहून आतलं पाणी गेलेलं मी बघितलंय.